तीन ओळींतली उदासी: शिरीष पै आणि मराठी हायकू

वसईच्या होळीतून बोलतोय. आजचा विषय अक्षरशः तीन ओळींचा आहे: हायकू.

'हायकू' हे नाव रूढ केलं मासाओका शिकी यांनी, १९व्या शतकाच्या शेवटी. पण प्रकार जुना. बाशो (१६४४–१६९४) हा त्याचा सगळ्यात मोठा कवी. सतरा ध्वनी, ऋतू सांगणारा एक शब्द आणि मध्ये एक छोटासा खंड. बस्स.

मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी (१९२९–२०१७). आचार्य अत्र्यांची मुलगी! वडील सभा गाजवणारे, 'मराठा'त दणदणीत अग्रलेख लिहिणारे. शिरीषताईंनीही त्याच दैनिकात काम केलं. आणि निवडली कोणती कविता, तर सगळ्यात कमी बोलणारी. सतरा ध्वनींचा हिशेब त्यांनी मराठीवर लादला नाही. तीन ओळी ठेवल्या आणि आपल्या कानाला सवयीचं यमकही अनेकदा ठेवलं. मला हे आवडतं, कारण नियम जसाच्या तसा कॉपी केला असता, तर हायकू इथे पाहुणाच राहिला असता.

आता मुद्दा उदासीचा. जपानीत 'मोनो नो आवारे' म्हणतात, म्हणजे गोष्टी टिकत नाहीत हे कळल्यावर मनात होणारी हालचाल. १८व्या शतकात मोतोओरी नोरिनागा या अभ्यासकानं ती साहित्याचा गाभा मानली. १८१९ मध्ये कवी इस्साची तान्ही मुलगी देवीच्या रोगानं गेली. त्यानं लिहिलं ते दवाबद्दल. 'मी दुःखी आहे' असं म्हणावंच लागलं नाही.

आपण इन्स्टावर नेमकं उलटं करतो. 'एकटेपणा', 'वेदना', 'अश्रू' असे शब्द टाकतो आणि वाचणाऱ्याला करायला काही उरतच नाही. हायकूत उदासी शब्दात नसते, दोन चित्रांच्या मधल्या जागेत असते.

आमच्याकडची बावखलं, म्हणजे वाडीतली जुनी गोड्या पाण्याची तळी, एकेक करून बुजतायत. त्यावर मी लिहिलेला हा एक प्रयत्न:

बुजवलेलं बावखल.
पहिल्या पावसात पाणी
तिथेच येऊन थांबलं.

यात रडणं कुठेच नाही. पण पाण्याला जागा आठवते, आणि आपण ती विसरलो.

तुमच्या गावातलं असं काय नाहीसं होतंय? तीन ओळी लिहून बघा. 'दुःख' हा शब्द मात्र वापरायचा नाही. भेटू पुढच्या भागात!