मुसाफिराचा जामीन कोण?

मराठीत ‘जकात’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुसलमानाच्या घरात जकात म्हणजे वर्षाकाठी आपल्या शिल्लक मालमत्तेतून गोरगरिबांसाठी काढायचा हिस्सा. बाकीच्या महाराष्ट्राला जकात म्हटलं की नाका आठवतो. दहिसरचा, मुलुंडचा नाका, ट्रकांची लांबच लांब रांग आणि पावती फाडणारी खिडकी. मूळ अरबी शब्द एकच. गंमत अशी की दोन्ही जकातींचा संबंध ट्रक ड्रायव्हरशी येतो. नाक्यावर तो देणेकरी होता. घरातल्या जकातीत मात्र तो हक्कदार आहे. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा ‘इब्नुस्सबील’, म्हणजे शब्दशः ‘वाटेचा पुत्र’. घरी तो खाऊनपिऊन सुखी असेल, पण वाटेत अडकला आणि खिशातलं संपलं, तर त्याचा समाजावर हक्क आहे.

वाटेच्या पुत्राकडून घ्यायचं की त्याला द्यायचं, हा झगडा आपल्या मुलखात शेकडो वर्षं चालू आहे. आमच्या भागातली बरीच पोरं शाळा सुटली की हेवी लायसन्सच्या मागे लागतात. कुणाचा मामा लाइनवर असतो, कुणाचा चुलता. पगार आणि भत्त्याचं गणित सांगणारे त्यांना पुष्कळ भेटतात. मी इतिहासाच्या वाटेनं जाणारा माणूस, म्हणून मला त्यांना हा जुना झगडा सांगावासा वाटतो. ज्या केबिनमध्ये ते उद्या बसणार आहेत, तिथल्या बहुतेक अडचणी डिझेल इंजिनाहून जुन्या आहेत.

बैलांच्या पाठीवरचा माल

रेल्वे येण्याआधी या देशात लांबचा माल वाहण्याचं मोठं काम बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केलं. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला चालला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते आणि सगळ्यांच्या पाठीवर धान्य लादलेलं होतं. बायका-पोरं सोबत, संसार पाठीवर. दिवसाला सहा-सात मैलांहून जास्त ते चालत नसत, असं तो लिहितो. बैलांना चरायला वेळ लागतो, त्यामुळे चालण्याचा वेग बैलाच्या पोटावर ठरे. फ्रेंच व्यापारी तावर्निये यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. असा तांडा पुढे निघून जाईपर्यंत वाटसरूला कधी कधी दोन-तीन दिवस थांबावं लागे. ट्रॅफिक जाम ही काही आजची गोष्ट नाही.

बादशाहाच्या फौजेलाही बंजाऱ्यांशिवाय दख्खनेत पाऊल टाकता येत नसे. मुघल सरदारानं बंजारा नायकांना एक ताम्रपट दिल्याची कथा सांगतात. गावातल्या रांजणातलं पाणी घ्या, छपरावरचं गवत घ्या आणि दिवसाला तीन खून माफ, असा त्याचा मजकूर. ही आख्यायिका शब्दशः खरी मानायची गरज नाही. पण तिच्यात एक सौदा स्पष्ट दिसतो. राज्याला धान्य वेळेवर हवं, म्हणून ते आणणाऱ्याला पाणी, चारा आणि कायद्याची सूट. यातल्या सौद्यात गावकऱ्याला कुणी विचारलं नाही, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. आपल्या छपराचं गवत बैलांनी खाल्लं तर त्याला कसं वाटत असेल? वाटसरू आणि वाटेवरचं गाव यांच्यातला संशय तिथपासूनचा आहे.

सराय आणि नाकं

चांगल्या राज्यकर्त्यांनी हा संशय मिटवण्याचा वेगळा मार्ग काढला. त्यांनी वाटसरूची जबाबदारी वाटेवरच्या मुलखावर टाकली. इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्ली–दौलताबाद रस्त्याचं वर्णन करतो. चाळीस दिवसांची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. शेरशाह सूरनं १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षं राज्य केलं. त्याचा चरित्रकार अब्बास खान सरवानी सांगतो, की त्यानं दर दोन कोसांवर सराय बांधली. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी वेगळी सोय, प्यायला पाणी, जनावरांना दाणा-वैरण. शाळेच्या पुस्तकात इथवरचा भाग असतो. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाटेत चोरी किंवा खून झाला आणि गुन्हेगार सापडला नाही, तर ज्याच्या हद्दीत तो झाला त्या गावच्या मुकादमाला जबाबदार धरलं जाई. म्हणजे परक्या मुसाफिराचा जामीन गाव होतं.

जहाँगीरनं १६०५ मध्ये तख्तावर येताच बारा हुकूम काढले. ओसाड वाटांवर जिथे चोऱ्या होतात तिथे सराय, मशीद आणि विहीर बांधावी, हा त्यातला एक. दुसरा असा, की व्यापाऱ्याच्या परवानगीशिवाय वाटेत त्याचं गाठोडं कुणी उघडू नये. चारशे वर्षांपूर्वी असा हुकूम काढावा लागला, याचाच अर्थ गाठोडी उघडली जात होती. वाटेवरचा कर, म्हणजे राहदारी, औरंगजेबानंही माफ केली. पण दिल्लीतून फर्मान निघे आणि दूरचा जहागीरदार आपलं नाकं चालूच ठेवी. सराय आणि नाकं एकाच रस्त्यावर, बहुधा एकाच राज्यात, शेजारी-शेजारी नांदत आले आहेत.

औरंगाबादच्या पाणचक्कीला जाणारे पर्यटक हौदाजवळ फोटो काढतात आणि परततात. ही चक्की ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, तो बाबा शाह मुसाफिर यांचा. बुखाऱ्याकडून आलेल्या या सूफीनं नावच ‘मुसाफिर’ घेतलं होतं. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून ती चक्की फिरवली गेली आणि तिच्या पिठावर फकीर व यात्रेकरू जेवले. वाटेच्या पुत्राचा हक्क दगडात बांधून ठेवलेली अशी जागा आपल्याच मराठवाड्यात आहे.

वाहणारा संशयित झाला

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली आणि १८६३ मध्ये ती बोरघाट चढून गेली. जिथे रूळ पोचले तिथे तांड्यांचं काम संपत गेलं. राज्याला आता बंजाऱ्याची गरज उरली नाही आणि गरज संपताच नजर बदलली. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. ज्यांचं पोट फिरतीवर होतं अशा कितीतरी जमाती त्याच्या फेऱ्यात आल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज बंजारा आहेत आणि मुसलमान छप्परबंदही आहेत. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. ‘फिरणारा माणूस म्हणजे संशयित’ ही नजर मात्र कागदावरून पुसली गेली तरी डोळ्यांतून गेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावर पुन्हा लांबचा माल दिसू लागला, या वेळी लॉरीवर. फाळणीत पंजाबातून उखडलेली कितीतरी कुटुंबं या धंद्यात आली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. केबिनमध्ये एक नवी पाठशाळा उभी राहिली. ड्रायव्हर उस्ताद, क्लिनर शागीर्द. टायर बदलणं, ताडपत्री ओढून बांधणं, घाटात गिअर कधी पाडायचा, कुठल्या ढाब्यावर रात्री गाडी सुरक्षित राहते, हे सगळं क्लिनर चार-पाच वर्षांत बघून-बघून शिकायचा. मग कधीतरी रिकाम्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा.

१९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन थोडी सवलत. कायदा चांगला होता, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडे ट्रक बहुतेक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. कितीतरी ड्रायव्हर त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. केबिनमधल्या माणसाला विचाराल, तर त्याचं घड्याळ आजही व्यापाऱ्याच्या फोनवर चालतं.

नव्या ड्रायव्हरनं काय धरून चालावं

पहिली गोष्ट, वाट पाहणं. गाडी चालवण्याइतकाच वेळ गाडी उभी ठेवण्यात जातो. गोडाऊनच्या दारात, बंदराच्या रांगेत, परतीच्या भाड्याच्या आशेत. त्या तासांचे पैसे बहुधा मिळत नाहीत. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, राज्यांच्या सीमेवरची कराची नाकी उठली. हा फार मोठा दिलासा होता. पण नाक्याची जागा कागदानं घेतली. ई-वे बिलाची मुदत आता दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. मंडीच्या बंजाऱ्याला दिवसाला सात मैल पुरत होते. कुठे गाडी बिघडली, घाट बंद झाला, तर मुदत वाढवून घेण्याचा फोन आधी करायचा, जेवण नंतर. बिल्टी आणि बिलावरचा गाडी नंबर निघण्यापूर्वी स्वतः वाचायचा.

दुसरी गोष्ट, एकटेपण. नॅशनल परमिटच्या गाडीत दोन ड्रायव्हर हवेतच, हा नियम २०१८ मध्ये शिथिल झाला. भाडं परवडत नाही म्हणून क्लिनरही कमी झाले. म्हणजे नव्या पोराला उस्ताद मिळत नाही आणि झोप आली तर उठवणारंही कुणी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांत एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण थंड केबिनमध्येही माणूस पेंगतो. प्रवासात चार रकातींच्या नमाजा दोन होतात, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. शरीयतनं मुसाफिराच्या थकव्याची दखल घेतली आहे. मालकानं घेतली नसेल, तर आपण स्वतः घ्यावी.

तिसरी गोष्ट, भीती. अपघातानंतर ड्रायव्हर पळतो, कारण थांबला तर जमाव मारतो. हे आपला कायदाही जाणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं, की जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे; जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, सगळी हकीकत कळवावी. हे कलम प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पाठ हवं. पळून न कळवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. सरकारनं चर्चेचं आश्वासन दिलं आणि १ जुलैला संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवलं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना न्याय हवाच. पण ड्रायव्हरला जमावापासून वाचवायला कोण येणार, हे मात्र कुठल्याही तरतुदीत नाही.

मुसलमान ड्रायव्हरला या भीतीत आणखी एक भर सोसावी लागते. ऑक्टोबर २०१५ मध्ये जम्मूच्या उधमपूरजवळ गोहत्येच्या अफवेनंतर एका ट्रकवर पेट्रोलबॉम्ब फेकला गेला. भाजलेला तरुण मदतनीस काही दिवसांनी दवाखान्यात गेला. गाठोडं कुणी उघडायचं आणि कुणी नाही, हा जहाँगीरच्या हुकुमातला प्रश्न रात्रीच्या हायवेवर असा परत येतो. तपासणीचा हक्क अधिकाऱ्याचा आहे, काठी घेऊन उभ्या टोळीचा नाही. तिथे वाद घालू नये, केबिन लॉक करून ११२ वर फोन लावावा, हे मी पोरांना सांगतो. पण हे सांगावं लागतं, याची लाज ड्रायव्हरला वाटायचं कारण नाही. ती ज्याच्या हद्दीत हे घडतं त्याला वाटली पाहिजे.

शेरशाहच्या मुकादमाचं महत्त्व मला इथे वाटतं. त्याच्या काळात सगळं आबादीआबाद होतं, असं मी म्हणत नाही. पण वाटसरूला इजा झाली तर तिथल्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागे, हे तत्त्व साधं आणि पक्कं होतं. आज टोल भरतो ट्रक, दंड भरतो ड्रायव्हर, गाडी लुटली तर नुकसान त्याच्या पगारातून वळतं. रस्ता ज्याच्या ताब्यात आहे, तो कशाचाच जामीन नाही.

सरकारकडून हे मागत राहायला हवं. तोवर हायवेवरच्या आपल्या मशिदींनी वुजूखान्याचं आणि संडासाचं दार रात्री कुठल्याही धर्माच्या ड्रायव्हरसाठी उघडं ठेवलं, तरी बरंच होईल. जकातीच्या आठ वाट्यांपैकी आठव्याचा हिशेब आपण बहुतेक जण करतच नाही. तो वाटेकरी आपल्या गावावरून रोज रात्री डिपर मारत जातो.