मृगाआधी ठरलेले

आजच्या माणसाला निर्णय घेता येत नाही आणि पूर्वीची माणसे मात्र एक घाव दोन तुकडे करणारी होती, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बदलापूरच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाने वसलेल्या मांजर्लीच्या परिसरात आज इमारतींची दाटी आहे. पण हा सारा पट्टा मुळात भातशेतीचा. ठाणे जिल्ह्यातल्या या शेतीची जुनी पद्धत बारकाईने पाहिली, तर वेगळेच चित्र दिसते. चालढकल तेव्हाही होती, धरसोडही होती. मात्र त्या पद्धतीने माणसाच्या मनाच्या उभारीवर फारसे काही सोपवलेच नव्हते. कोणते काम केव्हा हातात घ्यायचे हे तिने मनाबाहेरच्या खुणांना बांधून टाकले होते. टाळाटाळीवर इलाज म्हणून आपण निर्धार वाढवायला सांगतो. जुन्या रीतीचा धडा उलटा आहे: निर्णयाची घटका येण्याआधीच निर्णय घेऊन ठेवावा.

राबाचेच पाहा. भाताचे रोप जिथे वाढवायचे त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचे, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा, वरून बारीक मातीचा थर. आणि पावसाळ्यापूर्वी वाऱ्याचा अंदाज घेऊन ते सारे भाजायचे. जमीन तापते, तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते. हे काम जूनमध्ये आठवून चालत नाही. टहाळ हिवाळ्यातच तोडून वाळवावा लागतो, शेण त्याआधीपासून साठवावे लागते. रोहिणी लागल्या, मृग आला की त्या भाजलेल्या जमिनीत बी पडते आणि तीन-चार आठवड्यांत रोप आवणीला, म्हणजे लावणीला, येते. पुढे दिरंगाईची किंमत रोपच सांगते: ते राबात जास्त दिवस राहिले तर जून होते, फुटवे कमी येतात. म्हणून चिखलणी, रोप उपटून मुठी बांधणे आणि आवणी ही कामे एकामागोमाग ओढली जातात. शिवाय आवणी एकट्या घराच्या हातून उरकत नाही. आज तुमच्या शेतावर, उद्या आमच्या, अशा सावडीच्या वळणाने माणसे राबतात. आपली पाळी ठरली की "बघू, चार दिवसांनी" म्हणायला जागा उरत नाही, कारण आपल्या चार दिवसांनी दुसऱ्याचे रोप जून होणार असते.

ही साखळी किती घट्ट होती, हे ती तुटायला आली तेव्हा दिसले. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब खरोखरच गरजेचा आहे की निव्वळ जुनी सवय, हा त्या काळातल्या वादाचा एक मोठा मुद्दा होता. जंगलाची बाजू पोकळ नव्हती. टहाळापायी झाडे बोडकी होत होती, हे खरेच. पण शेतकरी जे सांगत होता त्यात खताच्या हिशेबाबरोबर वेळेचाही हिशेब होता. फाल्गुनात टहाळ हाती नसेल तर ज्येष्ठात राब नाही, आणि राब नसेल तर आषाढात वेळेवर रोप नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही गरज होती, शहाणपण नव्हे. पोटाशी गाठ असली की कोणीही वेळेवर उठतो. पण गरज असूनही माणसे टाळाटाळ करतात, हे तर आपण रोज पाहतो. दुखणारा दात, न केलेले मृत्युपत्र, थकलेला कर यांची गरज काय कमी असते? नुसती गरज माणसाला हलवत नाही. ती ठरलेल्या दिवसाच्या, ठरलेल्या खुणेच्या आणि वाट पाहणाऱ्या चार माणसांच्या रूपात समोर यावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे हेच मांडले: "मी हे करीन" एवढ्या संकल्पापेक्षा "अमुक झाले की मी तमुक करीन" असे आधी ठरवणारी माणसे ते काम अधिक वेळा तडीस नेतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नक्षत्राला बांधलेला निर्णय आंधळा असतो. मृगात पेरले आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी कपाळी येते. हे नाकारता येत नाही. मात्र नक्षत्र म्हणजे एक तारीख नव्हे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो आणि आर्द्रा लागेपर्यंत आभाळ पाहून पुढेमागे व्हायला अवकाश असतो. ही मुदत आहे, आणि तिला रुंदीही आहे. जाणता शेतकरी सारे बी एकदम टाकत नाही, थोडे हाताशी राखतो. चूक होणारच हे धरून केलेला निर्णय दुरुस्त करता येतो. न केलेल्या निर्णयात दुरुस्त करायला काहीच नसते.

तिसरा आक्षेप मुहूर्ताचा. चांगला दिवस पाहू, ही तर आपली सर्वांत प्रतिष्ठित सबब! यातही तथ्य आहे, आणि परंपरेला ते ठाऊक असावे. म्हणूनच गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा, असे साडेतीन मुहूर्त तिने वेगळे काढले. त्या दिवशी पंचांग पाहायचे नाही, कोणाला विचारायचे नाही. श्रद्धा बाजूला ठेवून पाहिले, तर वर्षातून निदान साडेतीन वेळा सबब संपवण्याची ही सोय आहे. सालगड्याचा करार अनेक भागांत पाडव्याला होतो, खानदेशात अक्षय्य तृतीयेला. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. गडी ठेवायचा की सोडायचा, येणे वसूल धरायचे की बुडीत, या नकोशा प्रश्नांना वर्षानुवर्षे लोंबकळू न देणारे हे दिवस होते.

मांजर्लीची भातखाचरे गेली आणि त्यांच्याबरोबर ते वेळापत्रकही गेले. नदी मात्र तिथेच आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत आणि कर्जतकडे कोसळलेला पाऊस उल्हासने बदलापूरला येतो, त्यामुळे गावात उघडीप असतानाही पाणी चढू शकते. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या पश्चिम भागाने सोसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते. या दोन आकड्यांमधला एक मीटर हा आजच्या मांजर्लीचा मृग आहे. पावसात उभे राहून "अजून थोडे थांबू" म्हणणाऱ्या मनाला तो मीटर पुरत नाही. ज्या घराने मे महिन्यातच ठरवले आहे की इशारा पातळी आली की गाडी उंचावर न्यायची, कागदपत्रे वरच्या मजल्यावर, म्हातारी माणसे नातेवाइकांकडे, त्या घराला तो भरपूर होतो. धाडस दोन्ही घरांत सारखेच असेल. फरक फक्त ठरवण्याच्या महिन्याचा आहे.