कंधारचा समुद्र

समुद्रकिनारा व प्राचीन अवशेष एके ठिकाणीं लाभावे म्हणून सुटींत कांहीं कुटुंबें तुर्कस्तान गांठतात. नांदेड जिल्ह्यांतील कंधारासहि एक ‘समुद्र’ आहे. तो मात्र मनुष्यहस्तें निर्मिलेला. राष्ट्रकूटकालीन या तलावाचें नांव ‘जगत्तुंगसमुद्र’. जगत्तुंग हें त्या घराण्यांतील राजबिरुद होय. तृतीय कृष्णाच्या (इ. स. ९३९–९६७) काळीं हें नगर वैभवास चढलें. येथें क्षेत्रपालाची प्रचंड मूर्ति होती. आज तिचे भग्न अवयव तेवढे दिसतात. इ. स. ९७३ त चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांची सत्ता हिरावून घेतली. बिरुद मिरविणारे गेले, देव भंगला. तहानलेल्या मुलुखांत अडविलेलें पाणी मात्र उरलें. किल्ल्याचा तट पाहून परतणाऱ्या प्रवाशानें या तलावाकांठींहि घटकाभर बसावें. राजाचें खरें स्मारक तेंच होय.