घड्याळ आणि सायकल: शर्यतीतली आणि लग्नातली

आज जुन्या मनगटी घड्याळांवर बोलायचंय आणि सायकल शर्यतींवरही. तुम्ही म्हणाल, यांचा काय संबंध? मला तो घरातच सापडला. ताडकळसला, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, माझ्या आजोबांना १९६८ साली लग्नात दोन वस्तू मिळाल्या. एक सायकल आणि एक एचएमटी जनता घड्याळ. सायकल भंगारात गेली. घड्याळ आज माझ्या हातावर आहे. रोज सकाळी चावी दिली की चालतं.

हे घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे सेकंदाच्या पाचव्या भागाहून लहान वेळ त्याला पकडताच येत नाही. जुनी अनेक स्टॉपवॉचही याच चालीची. म्हणून जुन्या शर्यतींच्या वेळा सेकंदाच्या पंचमांशात लिहिलेल्या दिसतात.

सायकलीत एक प्रकार तर असा आहे की समोर प्रतिस्पर्धीच नसतो, फक्त घड्याळ असतं. एकट्यानं ट्रॅकवर तासभर सायकल मारायची आणि अंतर मोजायचं. १८९३ मध्ये पॅरिसला आँरी देग्रांजनं तासात ३५.३२५ किलोमीटर कापले. याच माणसानं १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सनं ४९.४३१ किलोमीटर गाठले. मी हिशेब केला: आजोबांच्या घड्याळाच्या एका टिकटिकीत मर्क्स पावणेतीन मीटर पुढे गेलेला असायचा!

आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. तिथं डोळ्यांना दिसतं कोण पुढे आहे ते. पण १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्या दिवशी प्रत्येकानं एकेकट्यानं २४.५ किलोमीटर पळवायचे होते. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडनं अखेर ८ सेकंदांनी जिंकली. हा निकाल घड्याळानंच दिला.

आता परत ताडकळसला येऊ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं बंगळुरूत बनू लागली ती १९६१ मध्ये. त्याच वर्षी १ जुलैला हुंडाबंदीचा कायदा लागू झाला. घड्याळं खेडोपाडी पोचली, कायदा मात्र वाटेतच राहिला. ‘हुंडा नको, फक्त घड्याळ-सायकल द्या’ असं सरळ म्हटलं जायचं. आमच्याकडेही तेच म्हटलं गेलं. त्यासाठी आजीच्या वडिलांनी दुभती म्हैस विकली.

आजीनं या घड्याळाला कधी चावी दिली नाही. मला वाटायचं, तिला जमत नसेल. म्हशीचं तिनं सांगितलं तेव्हा कुठं उलगडलं.

घड्याळाची हौस माझी अजून तितकीच आहे. फक्त आता कुणी ‘किती जुनं?’ विचारलं, तर मी म्हशीची गोष्टही सांगतो. तुमच्या घरी असं घड्याळ असेल, तर ते कुणी घेतलं आणि कशातून घेतलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. भेटू पुढच्या भागात.