मेन समावेश परीक्षण

मेन समावेश परीक्षण ही उबुंटू या लिनक्स वितरणातील एक प्रक्रिया आहे. एखादे सॉफ्टवेअर पॅकेज कॅनॉनिकल कंपनीच्या अधिकृत पाठबळाखाली घ्यावे की नाही, हे या प्रक्रियेतून ठरते.

पार्श्वभूमी

उबुंटूचे पॅकेज-भांडार मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स या चार विभागांत विभागलेले आहे. मेनमधील मुक्त सॉफ्टवेअरची जबाबदारी कॅनॉनिकल घेते. दीर्घकालीन आवृत्तीत त्यास ५ वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. युनिव्हर्सचा सांभाळ मुख्यतः स्वयंसेवक करतात.

प्रक्रिया

लाँचपॅड या संकेतस्थळावर कारणांसह विनंती नोंदवली जाते. त्यानंतर परीक्षक पुढील बाबी तपासतात:

* तेच काम करणारे दुसरे पॅकेज मेनमध्ये आहे का
* हे पॅकेज ज्यांवर अवलंबून आहे, ती पॅकेजेही मेनमध्ये आहेत का
* स्वयंचलित चाचण्या पुरेशा आहेत का
* सुरक्षा-त्रुटींचा पूर्वेतिहास काय आहे
* पुढील देखभालीची जबाबदारी कोणता गट घेणार

जोखमीचे पॅकेज सुरक्षा चमूकडे स्वतंत्र तपासणीसाठी जाते.

मर्यादा

हे परीक्षण प्रामुख्याने प्रवेशाच्या वेळी होते. मेनमध्ये पूर्वीपासून असलेल्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड दडवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. मूळ प्रकल्पात दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या देखभालकर्त्याच्या खात्यावरूनच तो आला होता. खबरदारी म्हणून अनेक पॅकेजे नव्याने बांधावी लागली आणि उबुंटू २४.०४ ची बीटा आवृत्ती एक आठवडा लांबली. त्यामुळे प्रवेशापूर्वीच्या परीक्षणाइतकीच नंतरची अखंड देखरेखही आवश्यक ठरते.