धुळे–जळगाव : अंतर मोजणारा दूरध्वनी

धुळे ते जळगाव हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. तरीही दूरध्वनीच्या लेखी ते परगावच होते. आरंभी ट्रंक कॉल नोंदवून ऑपरेटरने जोडणी देईपर्यंत थांबावे लागे.

१९६० मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर एसटीडी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२. आरंभीचे शून्य ओळखून एक्सचेंज कॉल बाहेरगावच्या मार्गावर वळवी. पुढच्या आकड्यांवरून गाव आणि दर ठरे. गाव जितके दूर, तितका मीटर वेगाने धावे. रात्री उशिरा मात्र त्याची गती मंदावे. म्हणूनच पीसीओपुढे रात्री रांगा लागत.

१ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कोठेही मिनिटाला एक रुपया दर आला. आप्तांशी बोलण्याचे मोल किलोमीटरांत मोजण्याची रीत तेथून मागे पडली.