लष्करी व स्थापत्य अभियांत्रिकी संशोधनाला सरकारी निधी : पुणे परिसर

धरणे, रस्ते, पूल, तोफा आणि दारूगोळा यांच्यामागच्या अभियांत्रिकी संशोधनावर सरकार तिजोरीतून जो खर्च करते, त्याचा एकत्रित विचार या नोंदीत केला आहे. लष्करी आणि स्थापत्य ही या संशोधनाची दोन अंगे. भारतात ती शेजारीशेजारी पाहायची असतील तर पुणे परिसराइतकी सोयीची जागा नाही. खडकवासल्याला नद्यांच्या प्रतिकृती आहेत, पाषाणला तोफांचे आणि स्फोटकांचे काम चालते, दिघीला लष्करी पूल घडतात आणि दापोडीला लष्कराचे अभियंते शिकतात. या सगळ्याचा पैसा जनतेचा आहे, पण त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

यांत ज्येष्ठ खडकवासला. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक छोटा विशेष विभाग काढला. कालव्यांचे पाणी शेतीला नीट उपयोगी पडावे, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने पुढे या विभागाला संशोधनकेंद्राचे रूप दिले. प्रयोगांसाठी खडकवासला निवडण्याचे कारण साधे होते. धरणाच्या खाली जागा घेतली की पाणी पंपाशिवाय, उताराने, हवे तेवढे मिळते. १९३०च्या दशकात हे केंद्र हिंदुस्थान सरकारने आपल्याकडे घेतले. आज ‘सीडब्ल्यूपीआरएस’ या नावाने ओळखले जाणारे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ते हेच. इंग्लिस मायदेशी परतल्यावर ब्रिटनच्या सरकारी जलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. खडकवासल्याच्या उघड्या मैदानावर साठलेला अनुभव त्यांच्याबरोबर तिकडे गेला.

येथील कामाची पद्धत समजली की त्याला वेळ आणि पैसा का लागतो ते कळते. नदीचा पट्टा, बंदर किंवा धरणाचा सांडवा जमिनीवर लहान प्रमाणात बांधतात आणि त्यात खरे पाणी सोडतात. सगळी मापे शंभरपट लहान केली तर काळ मात्र दहापटच आखडतो. दहा तासांचा पूर प्रतिकृतीत एका तासात ओसरतो. नदी किंवा खाडी रुंदीच्या मानाने फार उथळ असते. सर्व मापे सारखी कमी केली तर पाण्याचा थर इतका पातळ होतो की तो खऱ्या नदीसारखा वाहतच नाही. म्हणून आडवे माप ४०० पट आणि उभे १०० पट, असे मुद्दाम विषम प्रमाण घेतात. अशा प्रतिकृतीत साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १९ मिनिटांत पुरे होते. गाळ कुठे साचेल, लाट धक्क्यावर कशी आदळेल, दरवाजे उघडल्यावर पाणी तळ कुठे खणेल, हे आधी येथे पाहायचे आणि मग काँक्रीट ओतायचे. संगणकीय प्रतिमाने आली तरी गाळाच्या आणि खळाळत्या पाण्याच्या प्रश्नांत ही जुनी पद्धत टिकून आहे.

या केंद्राच्या इतिहासात कोयना धरणाला वेगळे स्थान आहे. १९६२ मध्ये धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि केंद्राने तेथे भूकंपमापक बसवले. मोठा धक्का बसेल, याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तो बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात, जेथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तेथे, तडे गेले. धरणाच्या आतील गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने जमिनीच्या हालचालीचा आलेख टिपला. संकल्पनात गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के एवढे भूकंपबल गृहीत धरले होते. प्रत्यक्षातले कमाल त्वरण त्याच्या कितीतरी पट निघाले. त्यानंतर धरणाला मागून भक्कम टेकू देण्यात आले. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात याचे गणित तपासताना जगभरचे अभियंते आजही हा कोयनेचा आलेख वापरतात. सार्वजनिक पैशाचा याहून चोख विनियोग दाखवणे कठीण आहे.

रस्त्यांच्या संशोधनाला पैसा मिळाला तो पेट्रोलमधून, आणि त्या कथेत मराठी नाव आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारण्याची शिफारस केली. गॅलनमागे दोन आणे या दराने १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस आणि पुढे दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, यांची मुळे याच शिफारशींत आहेत. राज्य पातळीवर नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ पासून काम करते आहे.

लष्करी अंगाला निधीची मोठी धार १९५८ नंतर लागली. त्या वर्षी सैन्याच्या तांत्रिक विकास संस्था आणि संरक्षण विज्ञान संघटना एकत्र करून संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, स्थापन झाली. शस्त्रास्त्रांसाठीची ‘एआरडीई’ ही पुण्याची प्रयोगशाळाही १९५८ चीच. ‘इन्सास’ रायफल, अर्जुन रणगाड्याची १२० मिलिमीटर तोफ आणि कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये प्रथम वापरलेले ‘पिनाका’ रॉकेट ही तिची ठळक कामे. स्फोटके आणि रॉकेटचे इंधन यांवर काम करणाऱ्या शेजारच्या ‘एचईएमआरएल’ची सुरुवात १९०८ मध्ये नैनितालला झाली होती, पुण्यात ती १९६०च्या सुमारास आली.

लष्करी आणि स्थापत्य ही दोन अंगे खरी भेटतात ती दिघीत. १९६२ मध्ये सुरू झालेली तेथील अभियांत्रिकी संशोधन संस्था रणगाडे पार नेणारे पूल बनवते. ‘सर्वत्र’ हा पूल ट्रकांवर लादून नेतात. पंधरा मीटरचा एकेक गाळा जोडत तो ७५ मीटरपर्यंत पोचतो. साडेनऊ मीटरपर्यंतचा ओढा एका झेपेत ओलांडणारा छोटा पूल २०२१ मध्ये सैन्यात दाखल झाला, तेव्हा सेनाप्रमुख पुण्याचेच मनोज नरवणे होते. पूर आलेल्या खोऱ्यात तुटलेल्या रस्त्यालाही असाच पूल लागतो, म्हणून या कामाचा लाभ सीमेपुरता राहत नाही.

आता आकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात डीआरडीओसाठी सुमारे २६,८१७ कोटी रुपये ठेवले गेले. आदल्या वर्षी ही तरतूद २३,८५६ कोटींच्या आसपास होती. संरक्षणावरच्या ६.८१ लाख कोटींत हा वाटा चार टक्क्यांच्या आत बसतो. संरक्षण संशोधनाच्या तरतुदीचा चौथा हिस्सा उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठांना खुला करण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली. एआरडीईने खासगी उद्योगांना सोबत घेऊन विकसित केलेली १५५ मिलिमीटरची ‘अटॅग्ज’ तोफ हे अशा भागीदारीचे अलीकडचे फळ. मार्च २०२५ मध्ये तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटींचे करार झाले. त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जला मिळाला.

खर्चाचा हिशेब मागितलाच पाहिजे. अर्जुन रणगाड्याला १९७४ मध्ये साडेपंधरा कोटींची मंजुरी मिळाली. खर्च तीनशे कोटींपलीकडे गेला आणि उत्पादनातला पहिला रणगाडा यायला तीस वर्षे लागली. महालेखापरीक्षक आणि संसदेची स्थायी समिती अशा दिरंगाईवर बोट ठेवतात ते योग्यच आहे. मात्र सैन्याच्या मागण्या मध्येच बदलणे हेही विलंबाचे एक कारण होते. सगळा दोष प्रयोगशाळेच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

स्थापत्य संशोधनाची अडचण निराळी आहे. खडकवासल्यासारखी केंद्रे सरकारी अनुदानाबरोबर सशुल्क कामेही करतात. बंदर किंवा धरण बांधणारा आपल्या प्रश्नापुरते शुल्क भरतो, प्रतिकृती उभी राहते, अहवाल जातो. भूकंपाचे धक्के वर्षानुवर्षे मोजत बसण्याच्या कामाला असा ग्राहक मिळत नाही. ते काम सरकारनेच करायचे असते आणि काटकसरीच्या वर्षी कात्री लावायलाही तेच सोपे असते. धरण सुरक्षा कायदा, २०२१ ने ३० मीटर व त्याहून उंच धरणांच्या मालकांवर भूकंपमापन केंद्र उभारण्याची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्रात बहुतेक मोठ्या धरणांचा मालक राज्य सरकार आहे, त्यामुळे हा खर्च दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातूनच भागवावा लागणार आहे.